उत्तरेकडची गरम भिंत

माझ्या निरोपसमारंभात एका माजी विद्यार्थ्याने भाषण केलं. बोलता बोलता तो म्हणाला, "मॅडमनी आम्हाला उष्णता दिली." सगळे हसले. त्याला उष्णतेचा धडा म्हणायचं होतं. तो बिचारा लाजून खाली बसला, पण मला ते वाक्य आवडलं. नोकरीभर मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. त्यातला कोणता धडा सगळ्यात चांगला शिकवलात असं कुणी विचारलं, तर मी उष्णतेचाच सांगेन. तो ज्या वर्षी मनासारखा शिकवून झाला, त्या वर्षी आमच्या विज्ञानखोलीत काडी पेटवायला बंदी होती.

आधी थोडं स्वतःबद्दल. मी नेरची. वडील जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातून सरकी वेगळी करायच्या त्या कारखान्यातून ते संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर रुईची लव असायची आणि आई अंगणातच त्यांना झटकून घ्यायची. घरात दिवा एक आणि माणसं सहा, म्हणून मी अभ्यासाला वस्तीतल्या विहारात जायची. तिथे ट्यूबलाइट होती. पुढे यवतमाळला बी.एस्सी. झाले, तेव्हा वडिलांनी निकालाचा कागद उलटा-सुलटा पाहिला, त्यांना वाचता येत नव्हतं, आणि म्हणाले, "आता तू सांग, आमी ऐकतो." त्या वाक्याचं ओझं मला कधी झालं नाही. बळच मिळालं. शिकलेलं सांगायचं असतं, एवढं त्यातून कळलं.

नोकरी मिळाली ती केळापूर तालुक्यातल्या एका गावी. शाळा पाचवी ते दहावी. बाहेरच्यांना वाटतं, विज्ञानाच्या शिक्षिकेचं काम म्हणजे धडा वाचणं आणि प्रश्नोत्तरं लिहून देणं. खरं काम वस्तू जमवण्याचं असतं. आमच्याकडे दोन स्पिरिटचे दिवे होते, एकाची वात नेहमी आत पडायची. तिपाई होती, पण तिच्यावर ठेवायची जाळी उंदरांनी का कोण जाणे पळवली होती. थर्मामीटर एकच होता, लांब काचेचा, आणि तो मी माझ्या कपाटात रुमालात गुंडाळून ठेवायची. कप्पी गावातल्या एका बंद विहिरीवरून आणली. तरफ शिकवायला पहार होती, उतरणीला बाकाची फळी. एवढ्या सामानावर दहावीची मुलं प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला बसायची आणि बाहेरच्या शाळेतून आलेले परीक्षक त्यांना प्रश्न विचारायचे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. खरेदी केंद्र आज उघडणार, उद्या उघडणार, असं नुसतं ऐकू यायचं. तोवर वेचलेला कापूस घरात. माणसं ओसरीवर झोपायची आणि कापूस घरात झोपायचा, असं गावात थट्टेनं म्हणायचे. त्या वर्षी दिवाळीनंतर आभाळ भरून यायला लागलं. ज्यांची घरं कवेलूची, म्हणजे कौलारू, त्यांना झोप लागेना. गावात स्लॅबची कोरडी खोली एकच होती, ती आमची विज्ञानखोली.

आमचे हेडमास्तर गावंडे सर. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं. गावकरी त्यांच्याकडे आले तेव्हा संस्थेला पत्र लिहून उत्तराची वाट पाहायची, हा सरळ मार्ग होता. सरांनी तो घेतला नाही. "माझ्या जबाबदारीवर ठेवा," एवढंच म्हणाले. दोन दिवसांत खोली भरली. जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची गाठोडी जमिनीपासून छतापर्यंत लागली. ज्याच्या घरचं लुगडं, त्याचा कापूस, इतका साधा हिशेब. गावातल्या निम्म्या घरांचं वर्षभराचं पीक सरांच्या एका शब्दावर तिथे उभं राहिलं.

मी त्यांना विचारलं, प्रात्यक्षिकं कुठे घ्यायची? त्यांनी उत्तरेकडचा व्हरांडा दाखवला. आणि दिवे? दिवे नाहीत, म्हणाले. खोलीच्या आसपास काडी पेटवायची नाही.

ह्या नियमाची राखण देवराव काकांनी स्वतःहून अंगावर घेतली. देवराव काका शाळा समितीवर होते. उंच, सडपातळ, डोक्याला पांढरं फडकं. खोलीची किल्ली त्यांच्या करगोट्याला. रोज सकाळी ते व्हरांड्याच्या पायरीशी बसत आणि येणाऱ्या प्रत्येकाचे खिसे चाचपत. बिडी ओढणारे शिपाई तर त्यांना लांबूनच दोन्ही हात वर करून दाखवायचे. माझ्या पर्सकडे पाहूनसुद्धा काका विचारायचे, "मास्तरीनबाई, काडीची डबी नाही ना?" मी नाही म्हटलं की, "बरं, शिकवा मंग," अशी परवानगी मिळायची.

आता उष्णतेचा धडा विस्तवाशिवाय कसा शिकवायचा? पहिले काही दिवस मी फळ्यावर आकृत्याच काढल्या. मुलं आकृती उतरवून घेत आणि तिच्याखाली रेघ मारत, बस. मग एकदा 'सुवाहक आणि दुर्वाहक' शिकवताना मी विचारलं, गोधडी गरम असते का? सगळा वर्ग हो म्हणाला. मी म्हटलं, पाहू. घरून गोधडी आणली, थर्मामीटर तिच्यात गुंडाळला आणि तासभर ठेवला. उघडला तर पारा होता तिथेच. मला वाटलं, आता मुलं चकित होतील. मागच्या रांगेतली सुनिता म्हणाली, "मॅडम, त्याच्यात कोनी झोपलंच नाही त गरम कायले होईन?"

सुनिता दहावीतली. तिच्या आईचा कापूसही त्याच खोलीत होता. वर्गात ती क्वचित बोलायची, पण बोलली की माझा अर्धा धडा तिच्या एका वाक्यात संपायचा. गोधडी गरमी देत नाही, आपलीच गरमी आपल्यापाशी ठेवते, हे मी पुढे वीस मिनिटं समजावलं. त्याची फारशी गरज नव्हती.

दुसऱ्या प्रयोगाला मी पांढरकवड्याहून बर्फ आणला. रसवंतीवाल्यानं दिला. एसटीत डबा मांडीवर घेऊन बसले होते, त्यातून पाणी ठिबकायला लागलं तसं शेजारच्या बाईनं पाय वर घेतले आणि कंडक्टरनं मला दोनदा विचारलं की मासे आहेत का. शाळेत पोचल्यावर दोन सारखे तुकडे केले. एक ताटलीत उघडा ठेवला, दुसरा कापसात गुंडाळला, आणि दोन्ही भर उन्हात मांडले. मुलांत पैजा लागल्या. कापूस गरम, म्हणून कापसातला आधी वितळणार, असं निम्म्या वर्गाचं मत. देवराव काकाही पायरीवरून उठून आले. त्यांचं मत ठाम होतं: रुईत घातला, संपला.

उघड्या बर्फाचं पाणी झालं, ताटली कोरडीही व्हायला लागली. कापूस उलगडला तर आत बर्फाचा चांगला बोराएवढा खडा. काकांनी तो उचलला, तळहातावर फिरवला, तोंडात टाकला. मग म्हणाले, "म्हंजे कापूस ना गरम, ना थंडा. कापूस म्हंजे दारवान. आतलं आत, बाहेरचं बाहेर."

उष्णतारोधकाची इतकी चांगली व्याख्या मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नव्हती. मी ती फळ्यावर लिहिली आणि खाली काकांचं नाव घातलं. ते दोन दिवस गावभर सांगत होते की शाळेत त्यांचा धडा लावला आहे.

बाकीचे प्रयोगही असेच निभावले. गरम पाणी लागलं तर खिचडीच्या चुलीवरून मागून आणायचं, चूल खोलीपासून लांब, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. स्टीलचा चमचा आणि लाकडी चमचा दोन्ही त्या पाण्यात ठेवून दांडे चिमटीत धरायचे. काळं आणि पांढरं फडकं उन्हात वाळत घालायचं. मला मनातून कबूल करावं लागलं की दिव्याच्या दिवसांपेक्षा मुलांना आता जास्त कळतंय, कारण मी एकटी करून दाखवत नव्हते, सगळ्यांचे हात वस्तूंना लागत होते.

मग पौषातली थंडी आली. सकाळच्या शाळेला मुलं कानाला रुमाल बांधून यायची. व्हरांड्यात गार फरशीवर बसायचं. एका शनिवारी मी आले तर भिंतीशी भांडण चाललेलं. सगळ्यांना एकाच जागी बसायचं होतं, खिडकीच्या डाव्या हाताला, भिंतीला पाठ लावून. मी कारण विचारलं तर एक मुलगा म्हणाला, "इथं उबारा लागते मॅडम."

मी त्यांना गप्प करून रांगेत बसवलं आणि धडा सुरू केला. माझ्या डोक्यात काही आलंच नाही. सुनितानं हात वर केला.

"मॅडम, ही उत्तरेची भिंत. हिले ऊन कुठी लागते?"

मी खडू खाली ठेवला. भिंतीला तळहात लावला. खिडकीच्या उजवीकडे गार, डावीकडे कोमट. अगदी चुलीमागच्या भिंतीसारखी नव्हे, पण नुकतंच दूध पिऊन खाली ठेवलेल्या पेल्यासारखी. मी खिडकीच्या फटीला नाक लावलं आणि एक आंबूस, दमट वास आला. तो वास मला लहानपणापासून ठाऊक होता. जिनिंगमध्ये कधी ओला माल आला की वडिलांच्या सदऱ्याला तो यायचा आणि ते आईला सांगायचे, "आज कापूस तापला."

इथे थोडं समजावून सांगते, कारण हे शहरातल्या वाचकाला खोटं वाटेल. वेचलेल्या कापसात सरकी असते आणि सरकी जिवंत असते. कोरडी असली तर ती झोपलेली. पाणी लागलं की ती जागी होते, शिवाय बुरशी धरते, आणि ह्या सगळ्यातून उष्णता निघते. अंगणात पसरलेला कापूस असला तर ती उडून जाते. पण गंजीच्या पोटात असला तर तिच्या चहूबाजूंनी दारवान उभा. आतलं आत. उष्णता वाढत जाते, सरकी कुजते, रुई पिवळी पडते, आणि फारच झालं तर धुमसायलाही लागतं. आमच्या खोलीला आग लागलीच असती असं मी म्हणणार नाही. मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. पण गावाचं पीक आणि सरांचा शब्द त्या भिंतीमागे शिजत होता, एवढं नक्की.

गावंडे सर आले, त्यांनी भिंतीला हात लावला आणि लगेच काकांना बोलावणं पाठवलं. काका किल्ली घेऊन आले, पण दार उघडायची त्यांना घाई दिसेना. त्यांचं म्हणणं, सकाळी भिंत अशीच असते. मग म्हणाले, पोरं टेकून बसतात म्हणून तापली असेल. सरांनी विचारलं, कापूस ओला आला होता का कुणाचा? काका म्हणाले, असला तरी भिण्याचं काय कारण?

"पान्यानं आग इझते, मास्तरीनबाई. लागते कुठी?"

हे ते माझ्याकडे पाहून म्हणाले. सरांकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी वाद घातला नाही. लांब लोखंडी सळई आणि तेवढीच बांबूची काठी मागवली. दोन्ही खिडकीच्या गजांतून डाव्या बाजूच्या गाठोड्यांत खुपसल्या आणि वाट पाहायच्या वेळात मुलांना कविता म्हणायला लावली. मग दोन्ही बाहेर काढल्या. काठी सुनितानं धरली, तिला विशेष काही लागलं नाही. सळई मी काकांच्या हातात दिली. त्यांनी टोकाकडे हात सरकवत नेला आणि झटकन सोडली. सळई फरशीवर वाजली. सळईनं पडलेल्या तिरप्या भोकातून मी थर्मामीटर दोरीला बांधून आत सोडला, काही मिनिटांनी ओढून काढताच वाचला. पारा तापानं फणफणलेल्या माणसाच्या कितीतरी वर होता. आकडा मी मोठ्यानं वाचला नाही. सरांना दाखवला.

काकांनी करगोट्याची किल्ली सोडून सरांच्या हातात ठेवली. "काढा बाप्पा," म्हणाले, "लौकर काढा."

अडचण अशी की तापलेली गाठोडी उत्तरेच्या भिंतीशी, तळाला, आणि दार दक्षिणेला. दारातून जायचं तर अख्खी खोली उपसावी लागणार. सर म्हणाले, खिडकी काढू. मुलं पहार घेऊन आली. टेकूला दगड ठेवला, पहारीचं टोक चौकटीखाली घातलं, आणि दुसऱ्या टोकाला आमच्या वर्गातली सगळ्यात किडकिडीत मुलगी लोंबकळली. चौकट करकरली आणि सुटली. वर्षभर मी 'टेकू, भार, बल' असं ओरडून सांगत होते. त्या दिवशी कुणाला सांगावं लागलं नाही.

खिडकीतून बाकाच्या फळ्या उतरत्या लावल्या. तोवर गाव गोळा झालं होतं. वरची गाठोडी फळीवरून घसरत मैदानात जायला लागली. बायांनी ती हातोहात उलगडून उन्हात पसरली. तळची मात्र वरच्या वजनानं रुतून बसली होती, आणि खिडकीचा उंबरा उंच. मग व्हरांड्यासमोरच्या कडुलिंबाच्या फांदीला आमची विहिरीची कप्पी टांगली. गाठोड्याला दोर, दोर कप्पीवरून, आणि दुसरं टोक धरून दहावीचा वर्ग मैदानाकडे चालत निघाला. कप्पीनं जोर कमी होत नाही, फक्त दिशा बदलते, हे परीक्षेत हमखास चुकणारं वाक्य त्या वर्गात पुढे एकाचंही चुकलं नाही.

पहिलं तळचं गाठोडं बाहेर आलं आणि फाटलं. आतून वाफ निघाली. थंड सकाळी ती सगळ्यांना दिसली, चुलीवरचं झाकण काढावं तशी. दुसरं आलं, त्यातूनही वाफ. तिसरंही तसंच. आणि तिन्ही गाठोडी एकाच जांभळ्या लुगड्याची.

ते लुगडं कुणाच्या घरचं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. लग्नकार्यात सगळ्यांनी ते पाहिलेलं. सगळ्यांच्या नजरा देवराव काकांकडे वळल्या. खोली भरत होती त्याच दिवसांत खरेदी केंद्र सोमवारी उघडणार अशी बातमी आली होती. मोजणीच्या आधी कापसावर थोडं पाणी मारलं की वजन भरतं, ही युक्ती आमच्याकडे कुणाला नवी नाही. दोन दिवसांचाच प्रश्न, असं वाटून काकांनी आपल्या एका गाडीवर पाणी मारून आणलं. सोमवारी केंद्र उघडलं नाही. तोवर वर दुसऱ्यांची गाठोडी रचली गेली होती. मग सांगायची सोय राहिली नाही.

काकांच्या पत्नी शांताकाकू बायांमध्ये कापूस पसरत होत्या. त्या उठून आल्या, लुगड्याचा पदर पिळून पाहिला आणि म्हणाल्या, "माह्यं हे लुगडं चांगलं होतं. भिजवाचंच होतं त जुनं तरी घ्याचं."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं मैदान हसलं. काका फडक्यानं तोंड पुसत उभे राहिले. रागवायचं की नाही हे गावानं तेवढ्यात ठरवून टाकलं असावं, कारण सुनिताची आई पुढे आली आणि त्यांच्या गाठोड्याचं एक टोक धरून म्हणाली, "धरा जी देवराव भाऊ, तुमचा सगळ्यात आधी पसरू. तुमचाच जास्त ओला."

गावंडे सरांनी मात्र हिशेब चुकता केला. "काका, उद्यापासून तुमी इथं बसा," म्हणाले, "पन काडीची डबी नाही, बादली तपासाची."

आठवडाभर मैदान पांढरं होतं. खेळाचे तास बंद, आणि कवायत शाळेसमोरच्या रस्त्यावर. काकांच्या कापसाला पिवळी झाक आली ती गेली नाही, त्यांना खालची प्रत मिळाली. इतरांचा वाचला. केंद्र शेवटी उघडलं, खोली रिकामी झाली, खिडकी परत बसवली. ती नीट बसली नाही. पुढेही तिच्यातून वारा यायचा आणि दिव्याची ज्योत वाकडी व्हायची.

प्रात्यक्षिक परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी सुनिताला विचारलं, उष्णतेच्या वहनाचं उदाहरण सांग. पुस्तकात तव्याचं आहे. तिनं त्यांना व्हरांड्यात नेलं आणि भिंतीवर हात ठेवून सगळं सांगितलं. पाणी मारणाऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. 'एक शेतकरी' म्हणाली. परीक्षकांनी भिंतीला हात लावून पाहिला, ती अर्थात गार होती, तरी त्यांनी हात बराच वेळ तसाच ठेवला.

सुनिता पुढे नर्सिंगला गेली. त्या वर्गातल्या सगळ्या मुलींना तेवढं पुढे जाता आलं नाही, ह्याची रुखरुख मला आहे. लोंबकळलेली ती किडकिडीत मुलगी दहावीनंतर लगेच लग्न होऊन गेली. तिला चांगले गुण होते. गावंडे सर त्याच शाळेतून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांच्या गळ्यात काकांनी सुताचा हार घातला. कोरड्या सुताचा, असं काकांनी स्वतःच मोठ्यानं सांगितलं.

पुढच्या हंगामात कापूस घरात भरायला लागल्यावर एक दिवस काका शाळेत आले. वर्ग चालू होता म्हणून पायरीवर बसून राहिले. तास संपल्यावर म्हणाले, "मास्तरीनबाई, तो ताप पाहाचा काच द्या."

मी कपाटातून काढून दिला. शाळेत एकच आहे, काच आहे, सांभाळा, असं दहादा बजावलं. काकांनी तो फडक्यात गुंडाळला आणि छातीशी धरून नेला. दोन दिवसांनी परत आणला, तेव्हा सोबत शेजारी उभा होता. त्याला हवा होता. मग तिसऱ्याला. तेव्हापासून दिवाळीनंतर आमचा थर्मामीटर घरोघर फिरायचा आणि उष्णतेचा धडा मला तो परत येईपर्यंत पुढे ढकलावा लागायचा. मी दरवर्षी कुरकुर करायची. मनातून इतकं समाधान मला दुसऱ्या कशानं झालं नाही.

काका आता नाहीत. माझ्या जागी एक तरुण मॅडम आल्या आहेत, नीटनेटक्या, कामाला वाघ. मागच्या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. गावातला एक माणूस दारात उभा आहे, म्हणाल्या, देवरावांचा मुलगा म्हणतो, आणि शाळेचा थर्मामीटर मागतो. घरी कुणाला ताप आहे का विचारलं तर नाही म्हणतो. द्यायचा का?

मी विचारलं, डोक्याला फडकं आहे का?

आहे, म्हणाल्या.

"द्या," मी म्हटलं. "आणि काच आहे म्हणून सांगू नका. त्यांना माहीत आहे."